पेव

सौदे उरकल्यावर, यार्डात जरा सावली पडल्यावर
भुपालअण्णा मगदूमांनी मला बोलावलं.
पेढीवर नवा संगणक आला होता, पातळ, बिनआवाजाचा,
आणि अण्णांचा हिशेब त्यात चालेना.
"तोलाई, हमाली, बारदान, उचल,
एकवीस वर्षं एफ-सात दाबून करतोय.
आणि हे कालचं पोरगं म्हणतं, ओळखत नाही."

बसगोंडा बिरादार, राहणार संख, तालुका जत,
हल्ली मुक्काम विश्रामबाग. तो मी.
म्हटलं, अण्णा, जुनं टाकायचं नाही.
नव्याच्या पोटात जुनं बसवू. अख्खं. जसंच्या तसं.

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"म्हणजे पेव."

माझा हात थांबला.

"हरिपूरला बघितलं नाहीस? वर माणसं चालतात,
खाली पोतीच्या पोती हळद, कीड नाही, ओल नाही.
वरच्याला खालचं दिसत नाही.
खालचीला वर काय चाललंय त्याचा पत्ता नाही."

तसंच, म्हणालो, आणि खणायला बसलो.

आठातली एक जीबी दिली.
चाळीस जीबीची डिस्क दिली, जी डिस्क नव्हेच,
नुसती एक लांबलचक फाइल,
पण आतलीला वाटावं हीच जमीन.
इंटरनेटची वाट मुद्दाम बुजवली,
तोंडावर माती लिंपतात तशी.
आणि काही करण्याआधी एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला.
"हां," अण्णा म्हणाले, "आधी कंदील सोडायचा.
विझला तर माणूस उतरवायचा नाही."

खिडकीत खिडकी उघडली.
तीच हिरवी टेकडी, कडेला तेच जाडजूड बटण.
अण्णांनी एफ-सात दाबलं.
निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, एकेक,
आणि अण्णा खुर्चीत मागे टेकले.

मग बाण आतच अडकला.
"अरे, उंदीर बाहेर येईना!"
उजवीकडचं कंट्रोल दाबा.
"गोदामात हयात गेली," ते म्हणाले,
"बटण दाबून सुटणारा उंदीर आजच बघतोय."

हसून झाल्यावर हळूच विचारलं,
"हिला माहीत आहे का, आपण आत आहोत ते?"

नाही, अण्णा.
तिला वाटतं, सगळं यंत्र तिचंच.

बोललो खरा, पण ते वाक्य
माझ्याच घशात जरा घासून गेलं.
पाचवीत गुरुजी फळ्यावर बेरीज मांडायचे,
मी ती कन्नडात करायचो
आणि उत्तर मराठीत सांगायचो.
मधला क्षणभराचा उशीर
गुरुजी मंदपणा समजायचे.

पुढे मराठीतच कर्ज काढलं, मराठीतच भांडलो,
मिरजेच्या फलाटावर एका मुलीला जे सांगायचं
ते मराठीतच सांगितलं, आणि ती हो म्हणाली.
ठेच लागली की मात्र अजून अव्वाच.
कोण कुणाच्या पोटात, कोण यजमान,
कुणाला किती मेमरी दिली होती,
आता मोजायला गेलो तर आकडे जुळत नाहीत.

प्रिंटर जुनाच, करकरणारा. पट्टी निघाली.
खात्रीसाठी अण्णा पोत्यांवर बोट ठेवत निघाले.
"लाभ," पहिल्याला म्हणाले, रिवाजाप्रमाणे.
आणि मग ओठातल्या ओठात,
"एरडु... मूरु... नाल्कु..."

मी वळून बघितलं. त्यांनी नाही.
अठरा पोती झाली. पडद्यावरही अठरा.

"तुझे किती?"
एंटुनूरु, मी म्हणालो.

अण्णांच्या भिवया किंचित हलल्या.
गल्ला उघडला, नोटा दोनदा मोजल्या,
आणि सातशे दिले.